हिवाळ्यात अस्वलं झोपलेली असतात, मग जंगलात बिनधास्त फिरायचं का?

पायवाट
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे टाकतोय. घरामागचं कुंपण संपलं की जंगलच सुरू होतं आणि त्यात काळी अस्वलं (अमेरिकन ब्लॅक बेअर) आहेत, उन्हाळ्यात वाटेवर त्यांची विष्ठा दिसते, झाडांवर नखांचे ओरखडे दिसतात, लांबून दर्शनही झालंय. आता बर्फ पडला आणि शेजारीपाजारी सगळ्यांचं एकच पालुपद, वसंतापर्यंत काळजी नाही, अस्वलं झोपली, कुत्र्याला मोकळं सोडा, पक्ष्यांना दाणे टांगा, कचरा रात्रीच बाहेर ठेवला तरी चालतंय. मला हे पटत नाहीये पण का ते नीट सांगताही येत नाही. अस्वल खरंच एवढं गाढ झोपतं का? मध्ये उठतं का? आणि चालता चालता आपण त्याच्या बिळावरच जाऊन उभे राहिलो तर? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रिकामटेकडी
कुत्र्याला मोकळं सोडा म्हणणाऱ्यांपैकी किती जणांकडे कुत्रा आहे ते आधी विचारा :) वाचतेय.

पालापाचोळा
शेजाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे, पण घोळ उरलेल्या अर्ध्यातच आहे.

थंडीत पूर्ण गार पडणारे प्राणी वेगळे. आर्क्टिकमधल्या जमिनीत राहणाऱ्या खारीच्या शरीराचं तापमान शून्याच्याही खाली जातं, तिला शुद्धीवर यायला काही तास लागतात. अस्वलाचं तसं होत नाही. एवढ्या मोठ्या धुडाला गार होऊन परत तापणं परवडणारच नाही, त्यामुळे त्याचं तापमान ३० ते ३६ अंशांच्या मध्ये खालीवर होत राहतं. अलास्कात काळ्या अस्वलांना कृत्रिम बिळात ठेवून मोजमाप केलं होतं, २०११ साली ते प्रसिद्ध झालं, त्यात शरीराचा ऊर्जेचा खर्च नेहमीच्या पावपट झालेला दिसला आणि हृदयाचे ठोके मिनिटाला ५५ वरून १४ च्या आसपास आलेले. म्हणजे तापमान फार उतरत नाही तरी खर्च पार खाली. आणि गंमत म्हणजे वसंतात बाहेर आल्यावरही दोन-तीन आठवडे हा खर्च निम्म्यावरच होता, बाहेरून जागं दिसणारं अस्वल आतून अजून हिवाळ्यातच.

तात्पर्य असं की ते ऊबदार असतं, आणि ऊबदार प्राण्याला उठायला वेळ लागत नाही. बिळाच्या तोंडाशी गोंगाट झाला की डोकं वर करून बघतं, कूस बदलतं, कधी सरळ उठून निघून जातं. अगदी कोणी न छेडताही अधूनमधून हलतं, खालचा पाला सारखा करतं.

कुतूहल
भारी माहिती! एक बाळबोध शंका. इतके महिने शी-शू काहीच नाही? माणसाला दोन दिवस लघवी झाली नाही तर आयसीयूत न्यावं लागतं.

पालापाचोळा
बाळबोध नाही हो, डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं याच प्रश्नाच्या मागे आहेत. थंड प्रदेशात पाच ते सात महिने अन्न नाही, पाणी नाही, मलमूत्र नाही. पाणी मिळतं चरबी जळताना. युरिया तयार होतो तो बाहेर न टाकता परत वापरला जातो, आतड्यातले जिवाणू त्यातला नायट्रोजन सोडवतात आणि त्यातून पुन्हा प्रथिनं बनतात. म्हणूनच इतकं पडून राहूनही स्नायू फारसे झिजत नाहीत, हाडंही ठिसूळ होत नाहीत. वजन मात्र सणसणीत उतरतं, पंधरा ते तीस टक्के, आणि पिल्लं पाजणाऱ्या आईचं त्याहूनही जास्त.

रक्ताच्या गुठळ्यांचंही तसंच. आपण लांबच्या विमानप्रवासात नुसते बसून राहिलो तरी पायात गुठळी व्हायची भीती. अस्वल महिनोन् महिने एका जागी. २०२३ मध्ये तपकिरी अस्वलांवरचं काम आलं, त्यात हिवाळ्यात रक्तातल्या प्लेटलेट्सवरचं एचएसपी४७ नावाचं प्रथिन प्रचंड कमी झालेलं आढळलं. आणि मणक्याला इजा होऊन कायमचे अंथरुणाला खिळलेले जे रुग्ण असतात त्यांच्यातही ते कमीच असतं, म्हणून त्यांनाही नंतर गुठळ्यांचा धोका इतरांपेक्षा जास्त राहत नाही.

निशिगंध२
पिल्लांबद्दल लिहा ना कोणीतरी! मला आठवतंय, २०१० च्या जानेवारीत अमेरिकेत मिनेसोटामधल्या लिली नावाच्या काळ्या अस्वलाच्या बिळात कॅमेरा लावला होता आणि तिची प्रसूती इंटरनेटवर लाइव्ह दाखवली होती. त्या अंधारात फक्त तिचा श्वास आणि मग एकदम पिल्लाचं केकाटणं. ऑफिसात काम सोडून बघत बसायचो आम्ही सगळ्या.

पालापाचोळा
पिल्लांचा प्रकार तर सगळ्यात अजब. मीलन होतं उन्हाळ्याच्या तोंडाशी, पण फलित झालेलं बीज गर्भाशयात तसंच तरंगत राहतं, रुजत नाही. शरद ऋतूत मादीच्या अंगावर पुरेशी चरबी चढली तरच ते रुजतं, नाहीतर त्या वर्षी पिल्लं नाहीत. रुजल्यावर दोनच महिन्यांत, जानेवारी-फेब्रुवारीत, बिळातच जन्म. काळ्या अस्वलाचं नवजात पिल्लू पाव किलोपेक्षा थोडंसं जास्त, डोळे मिटलेले, अंगावर जेमतेम लव. आई आपली उपाशी, पण त्यांना चाटते, कुशीत घेते, दाट चरबीदार दूध पाजते. म्हणजे बघा, आपण ज्याला झोप म्हणतोय त्यात बाळंतपण आणि तान्ह्याचं सगळं करणं चालू असतं. तान्ह्या बाळाची आई किती गाढ झोपते ते कोणत्याही आईला विचारा.

पायवाट, म्हणूनच तुमच्या प्रश्नात मला जास्त काळजी माणसाची नाही, पिल्लांची वाटते. मादी बिचकून उठून निघून गेली आणि परतलीच नाही तर ती पिल्लं काही तासांत थंडीने संपतात.

खडूस काका
झालं, माणसाची काळजी नाही म्हणे. २०२३ च्या एप्रिलमध्ये इटलीत त्रेंतिनोच्या डोंगरात पळायला गेलेला तरुण मारला ना अस्वलाने? तिथे मुळात अस्वलं संपत आली होती, १९९९ पासून स्लोव्हेनियातून दहा आणून सोडली. हौस सरकारची आणि जीव गाववाल्यांचा. सहजीवन वगैरे शब्द जंगलापासून लांब राहणाऱ्यांना छान वाटतात. पकडा आणि लांब नेऊन सोडा, संपला विषय.

पायवाट
काका, मी जंगलाला लागूनच राहतो हो, म्हणून तर विचारतोय.

वनवासी बाई
काका, तुमचा राग समजू शकते, तिथल्या लोकांना विश्वासात घेतलं नाही ही तक्रार चुकीची नाहीच. पण लांब नेऊन सोडण्याचं म्हणाल तर ते दिसतं तितकं सोपं नसतं. एक म्हणजे अस्वलं परत येतात, शंभर-दोनशे किलोमीटरवरूनही आल्याच्या नोंदी आहेत. दुसरं, नव्या जागी आधीच दुसरी अस्वलं असतात, नवख्याला खायला कुठे मिळतं ते माहीत नसतं, मग ते पुन्हा माणसाच्याच वस्तीकडे वळतं कारण कचऱ्याचा डबा सगळीकडे सारखाच दिसतो. आणि हिवाळ्यात उचलून नेलं तर बीळ नाही, त्या भागाची माहिती नाही. मी वनखात्याबरोबर स्वयंसेवक म्हणून काम केलंय, तिथे पिंजरा हा शेवटचा उपाय. पहिला उपाय म्हणजे घरोघरी जाऊन डबे बघणे. फार कंटाळवाणं काम, फोटोबिटो कोणी काढत नाही, पण फरक त्यानेच पडतो.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण बघा. १९९८ मध्ये तिथे अस्वलांनी एका वर्षात तेराशेहून जास्त गाड्या फोडल्या, खिडकीची काच नाही तर अख्खं दार वाकवून, आत एखादं बिस्किटाचं पाकीट नाहीतर लहान मुलांच्या सीटखाली सांडलेला चुरा असायचा. मग तळांवर लोखंडी पेट्या बसवल्या, गाडीत अन्न ठेवलं तर दंड, रात्री गस्त. प्रकार नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झाले. अस्वलं तीच होती.

खडूस काका
गाड्या फोडणं आणि माणूस मारणं यात फरक आहे ताई.

वनवासी बाई
आहे ना, नक्कीच आहे. काळ्या अस्वलांपुरतं बोलायचं तर अमेरिका आणि कॅनडात १९०० ते २००९ या काळात त्यांनी ६३ माणसं मारली, एकशे दहा वर्षांत. त्यांत बहुतांश हल्ले एकट्या नराचे, भक्ष्य समजून केलेले, पिल्लंवाल्या आईचे नाहीत. काळी मादी बहुतेक वेळा पिल्लांना झाडावर चढवते आणि फूत्कारत, दात वाजवत उभी राहते. तपकिरी अस्वलाची, म्हणजे ग्रिझलीची, गोष्ट वेगळी, ती पिल्लांसाठी अंगावर येते. म्हणून आपल्या जंगलात कुठलं अस्वल आहे हे आधी माहीत हवं, सरसकट अस्वल म्हणून सल्ले देता येत नाहीत.

गुरगुर
हिवाळ्यात न झोपणाऱ्या अस्वलांबद्दल कोणीच बोललं नाही अजून. रशियात त्यांना शातून म्हणतात, भटकणारं. शरदात पोट भरलं नाही, किंवा कोणी बिळातून उठवलं, किंवा जखमी आहे, असं अस्वल बर्फात उपाशी फिरतं आणि ते कशालाही भीत नाही. जपानमध्ये होक्काइदोत १९१५ च्या डिसेंबरात सांकेबेत्सु नावाच्या वस्तीवर असंच एक तपकिरी अस्वल आलं, काही दिवसांत सात माणसं मारली, ज्या घरात मृताचं जागरण चालू होतं तिथेही शिरलं. नव्याने वसवलेली वस्ती, गवताच्या भिंतींची घरं, मका टांगून ठेवलेला, आधी ते मक्यासाठीच येत होतं म्हणे.

आणि आत्ताही जपानात हेच चाललंय. बीच आणि ओक या झाडांना फळं कमी धरली की त्या वर्षी अस्वलं खाली गावात उतरतात, शिवाय डोंगरातली गावं म्हातारी होऊन रिकामी होतायत, पर्सिमनची झाडं कोणी उतरवत नाही. २०२३ मध्ये दोनशेहून जास्त लोक जखमी झाले आणि २०२५ त्याहून वाईट गेलं, अकिता भागात तर सैन्याला मदतीला बोलावलं, बंदुका घेऊन नाही, पिंजरे लावायला आणि वाहतुकीला.

कुतूहल
बाप रे. म्हणजे झोपणार की नाही हे थंडीवर नाही तर जेवणावर ठरतं?

पालापाचोळा
दोन्हीवर, पण जेवणाचं पारडं जड. बाहेर काही खायला नाही म्हणून बिळात जायचं असा साधा हिशोब आहे. त्यामुळेच भारतातलं नेहमीचं काळं, लांब केसांचं अस्वल झोपतच नाही, वाळवी आणि मुंग्या बाराही महिने असतात. ध्रुवीय अस्वलांत फक्त गाभण मादी बर्फात बीळ करते, बाकीच्यांचा हिवाळा म्हणजे ऐन शिकारीचा मोसम, समुद्र गोठला की सील पकडायला निघाले. हिमालयातल्या काळ्या अस्वलाचं मधलंच, उंचावर झोपतं, खाली ऊब आणि खाणं मिळालं तर थोडंच झोपतं.

आता आपल्याकडची, म्हणजे अमेरिकेतली काळी अस्वलं. कोलोरॅडोत दुरांगो गावाजवळच्या काळ्या माद्यांना कॉलर लावून अभ्यास झाला. किमान तापमान एक अंशाने वाढलं की बिळातला मुक्काम साधारण सहा दिवसांनी कमी. आणि ज्या माद्या माणसांचं अन्न जास्त खायच्या त्यांचा मुक्काम आणखी कमी. त्याच माद्यांच्या पेशींमध्ये टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, जास्त वेगाने झिजलेली आढळली, सोप्या भाषेत शरीर लवकर म्हातारं. म्हणजे कचरा रात्रीच बाहेर ठेवला तर चालतो म्हणणारा शेजारी ज्या अस्वलाच्या झोपेवर विसंबून आहे, ती झोप त्याच कचऱ्याने कमी होतेय.

रिकामटेकडी
हे शेवटचं वाक्य छापून शेजाऱ्यांच्या दारावर चिकटवा.

अमुकतमुक
+१. अवांतर: अलास्कातल्या काटमाई पार्कचा फॅट बेअर वीक कोणी बघतं का? झोपायला जाण्याआधी सगळ्यात गब्दुल अस्वल कोण यावर जगभरातून मतदान. २०१४ पासून चालू आहे. आमच्या ४८० नंबरच्या ऑटिसने चारदा जिंकलंय, म्हातारा, दात पडलेला, एका जागी बसून नुसती सामन मासळी गिळायचा. पुढे ग्रेझर नावाच्या मादीने २०२३ आणि २०२४ असं दोनदा मारलं.

निशिगंध२
ऑटिस <3

वनवासी बाई
अवांतर नाहीच ते, मूळ मुद्दाच आहे. शरदात अस्वल दिवसाला पंधरा-वीस हजार कॅलरी खायच्या मागे असतं. आता सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया, किलोभर म्हणजे साडेपाच हजारांच्या वर कॅलरी. तुम्ही चिमण्यांसाठी टांगलेला डबा हे अस्वलासाठी न पळणारं, न चावणारं जेवण. तेव्हा पायवाट, दाणे टांगायचेच असतील तर थंडी पक्की बसल्यावर, आणि वसंताच्या आधी उतरवायचे. ऊबदार हिवाळा असेल, किंवा आसपास एकही ताजा ठसा दिसला, तर टांगूच नका, पक्ष्यांचं काही अडत नाही.

पायवाट
खूप धन्यवाद सगळ्यांना. बिळाबद्दल सांगा ना, ओळखायचं कसं? मी काहीतरी मोठी गुहा असेल असं धरून चाललो होतो.

वनवासी बाई
गुहा क्वचितच. उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळाखाली, खडकाच्या कपारीत, पोकळ खोडात, फांद्यांच्या ढिगात, कधी तर उघड्यावरच पाल्याचं अंथरूण करून वर बर्फ पडू देतात. तोंड इतकं लहान असतं की आत दीडशे किलोचा प्राणी असेल असं वाटत नाही. रस्त्याखालचे पाइप, आणि हो, घराच्या डेकखालची, म्हणजे बाहेरच्या लाकडी ओट्याखालची पोकळीही. कॅलिफोर्नियात लेक ताहोला घराखाली अस्वल मुक्कामाला असणं काही नवलाचं नाही, आणि २०२५ च्या जानेवारीत आल्टाडेनाच्या आगीनंतर लोक घरी परतले तर एका घराखाली सव्वापाचशे पौंडांचं, म्हणजे जवळपास दोनशे चाळीस किलोचं धूड बसलेलं. त्यामुळे पानगळ सुरू व्हायच्या आतच डेकच्या खाली जाड जाळी ठोकून घ्या. आता ठोकायची तर आधी आत कोणी नाही ना ते बघा, कोंडून ठेवाल.

जंगलात खूण म्हणजे बर्फात एक छोटं भोक आणि त्याच्या कडेला श्वासाचे दवकण गोठून झालेली झालर. जवळ तोडलेल्या फांद्या, उकरलेला पाला. असं काही दिसलं तर थांबायचं, आवाज न करता आल्या पावली मागे. फोटो नाही, वाकून बघणं नाही, दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन येणं तर अजिबात नाही. बिळांवर माणसाच्या वावराचा काय परिणाम होतो याची पाहणी झाली आहे, एक किलोमीटरच्या पलीकडचा वावर ती सहसा खपवून घेतात, दोनशे मीटरच्या आत गेलं की बीळ सोडून जायची शक्यता बरीच वाढते, त्यातही हिवाळ्याच्या सुरुवातीला जास्त. वनखात्याला जागा कळवा, ते ती वाट मोसमापुरती बंद करू शकतात.

खडूस काका
आणि कुत्रा?

वनवासी बाई
पट्टा. काका, इथे तुमच्याशी माझं एकमत होईल असं वाटतंय. स्वीडन-नॉर्वेत अस्वलाने जखमी केलेल्यांमध्ये बहुतांश शिकारी आहेत, आणि त्यात मोकळे कुत्रे आणि जवळपास बीळ ही जोडी पुन्हा पुन्हा येते. कुत्रा हुंगत जातो, भुंकतो, अस्वल बाहेर येतं, कुत्रा घाबरून मालकाकडे पळतो आणि मागून कोण येतं ते सांगायला नको.

खडूस काका
बरोबर. आमच्या ओळखीत अगदी असंच झालंय, म्हणून विचारलं. पट्ट्याला पर्याय नाही. तुमचं ते डबे तपासणंही ठीक आहे, पण दंड घसघशीत पाहिजे, विनंत्या करून कोणी ऐकत नाही.

गुरगुर
बेअर स्प्रेबद्दल, म्हणजे अस्वलावर मारायच्या मिरचीच्या फवाऱ्याबद्दल एक. हिवाळ्यात लोक तो बॅगेच्या बाहेरच्या खिशात लटकवतात, चूक आहे. थंडीत डब्यातला दाब कमी होतो आणि फवारा जवळच पडतो, जॅकेटच्या आत अंगाशी ठेवा, पण हात पटकन जाईल असा, हातमोजे घालून झाकण निघतं का ते घरी करून बघा. अलास्कातल्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा तपकिरी अस्वलांवर तो नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा लागू पडलेला. वाऱ्याची दिशा तेवढी बघायची, नाहीतर स्वतःच डोळे चोळत बसाल.

अमुकतमुक
बाहेर कधी येतात साधारण?

पालापाचोळा
जागेनुसार बदलतं. अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कमध्ये ग्रिझलीचे नर मार्चच्या सुरुवातीलाच दिसायला लागतात, त्या वर्षीची पिल्लं असलेल्या माद्या सगळ्यात शेवटी, एप्रिलच्या मध्यापासून मेपर्यंत. म्हणजे ज्या बर्फावर लोक स्की करत असतात त्याच बर्फावर नर फिरत असतो, आणि हिवाळ्यात मेलेल्या एल्क जातीच्या हरणाच्या कलेवराजवळ बसलेला असतो. कावळ्यांचा गोंधळ दिसला, कुजका वास आला की वाट बदला, तिथे बिळापेक्षा जास्त धोका. काळी अस्वलंही साधारण याच क्रमाने, आधी एकटे नर.

सोनसाखळी
उशिरा आले धाग्यावर, आख्खा वाचून काढला. आमच्या मधमाश्यांच्या पेट्या जंगलाच्या कडेला आहेत, विजेचं कुंपण आहे, पण बर्फ साचल्यावर ते चालतं का? की हिवाळ्यात बंदच ठेवू?

वनवासी बाई
शरदात अस्वलं बिळात जाईपर्यंत चालू ठेवा आणि वसंतात बर्फ वितळायच्या आधीच परत सुरू करा, उठल्यावर भुकेलं अस्वल पेट्यांतल्या अळ्यांवर तुटून पडतं, मध हा त्यानंतर. ऊबदार हिवाळ्यात मध्ये बंद करूच नका. अडचण अशी की कोरडा बर्फ वीज वाहू देत नाही, अस्वल बर्फावर उभं राहून तारेला नाक लावतं आणि त्याला झटकाच बसत नाही. त्यासाठी तारा आलटूनपालटून लावा, एक करंटची, एक अर्थिंगची, म्हणजे दोन्हींना एकदम टेकलं की बसतोच. खालची तार बर्फात गाडली गेली तर तेवढी सोडवून ठेवा, आणि टेस्टर घेऊन आठवड्यातून एकदा तपासत जा.